शेतात चालणाऱ्या रोबोटचा लोगो: सुरुवात यंत्राच्या पत्र्यापासून

प्रश्न थोडक्यात असा आहे. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत तीन अभियंत्यांनी रोबोटिक्सचा स्टार्टअप सुरू केला आहे. कापूस आणि सोयाबीनच्या ओळींमधून स्वतः चालत जाऊन तण काढणारे, बॅटरीवरचे यंत्र ते बनवत आहेत. नाव ठरले आहे, आणि मोबाइलवरच्या एका ॲपमधून लोगोही काढून झाला आहे: निळा गिअर, त्याच्या आत रोबोटचे डोके आणि कडेने सर्किटच्या रेघा. येत्या खरिपात, पहिल्या कोळपणीच्या वेळी, शेतकऱ्यांसमोर प्रात्यक्षिक आहे. हा लोगो चालेल का, नाव मराठीत लिहावे की इंग्रजीत, रंग कोणता घ्यावा, नोंदणी कधी करावी आणि डिझायनरला नेमके काय सांगावे, असे त्यांनी विचारले आहे. वाळूज, चिकलठाणा आणि जालना भागात यंत्रे बनवणाऱ्यांसाठी लोगो, पाट्या आणि यंत्रावरच्या नामपट्ट्या करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या कामाच्या आधारावर हे उत्तर देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्ट आहे: ॲपमधला लोगो यंत्रावर लावू नका. गिअर, रोबोटचे डोके, मेंदू आणि सर्किटच्या रेघा ही चिन्हे या क्षेत्रात इतक्या जणांनी वापरली आहेत की त्यांतून 'आम्ही रोबोट बनवतो' एवढेच कळते, 'आम्ही अमुक' हे कळत नाही. आणि रोबोट बनवता हे सांगण्याची तुम्हाला गरजच नाही, कारण यंत्र लोकांच्या डोळ्यांसमोर चालत असणार आहे. भारतीय स्टेट बँकेचे चिन्ह आठवा. १९७१ साली राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी केलेल्या त्या निळ्या वर्तुळात नाणे नाही, नोट नाही, तिजोरीही नाही. मध्यभागी एक छोटे पांढरे वर्तुळ आणि तिथून खालपर्यंत एक उभी फट आहे, एवढेच. तरी तालुक्याच्या गावातही ते रस्त्याच्या पलीकडून ओळखू येते. धंद्याचे चित्र काढल्याने ओळख होत नसते. आकार वेगळा हवा आणि तो सगळीकडे न बदलता वापरला जायला हवा.

दुसरी अडचण हक्कांची आहे. अशा ॲपमधली तयार चित्रे तुम्हाला मिळतात तशीच इतर कुणालाही मिळतात, आणि अनेक ठिकाणच्या अटींमध्ये त्या चित्रांची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्यास मनाई असते. शिवाय व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ च्या कलम ९ नुसार ज्या चिन्हात वेगळेपणा नाही, किंवा जे केवळ मालाचा प्रकार सांगते, त्याच्या नोंदणीला हरकत येऊ शकते. शेतीचा रोबोट बनवणाऱ्याने रोबोटचे डोके आणि गिअर एवढेच दाखवले, तर तपासणी अधिकाऱ्याला हरकत घेण्याचे कारण आपणच पुरवल्यासारखे होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. लोगोचे काम बहुतेक जण संगणकाच्या पडद्यावर सुरू करतात, म्हणून तो पडद्यावरच शोभून दिसतो. तुमच्या लोगोचे खरे घर यंत्राचा पत्रा आहे. म्हणून आकार ठरवण्याच्या आधी तो कुठे कुठे, कोणत्या पद्धतीने आणि कोणाच्या हातून उमटणार आहे, याची नोंद करा. यंत्राच्या बाजूच्या पत्र्यावर तो लेझरने कापला जाईल किंवा रेडियमवाल्याकडून कापून चिकटवला जाईल. चाकाजवळच्या छोट्या स्टीलच्या पट्टीवर लेझर मार्किंगने कोरला जाईल. टी-शर्टवर भरतकामात येईल. डिलिव्हरी चलनावर काळ्या शाईत छापला जाईल, आणि व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत चारही कोपरे कापून दिसेल. या सगळ्या ठिकाणी जो आकार टिकतो तोच खरा लोगो, असे मी मानतो.

यातली एक जागा जवळून पाहू. समजा, बाजूच्या दोन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यात नाव आरपार कापायचे आहे. लेझर कटिंगवाला फाइल घेतो, मशीन चालू होते, आणि काम संपल्यावर पत्रा उचलला की 'ब' आणि 'व' यांच्या पोटातला बंद भाग सुटून खाली पडतो. पत्र्यात राहते ते नुसते फुगीर भोक. 'ब' कोणता आणि 'व' कोणता हे ओळखता येत नाही. तुमच्या नावात ही दोन्ही अक्षरे आहेत. रोमन लिपीतल्या 'ओ', 'ए' आणि 'आर' या अक्षरांचेही हेच होते. यावर उपाय म्हणजे बंद पोट आणि बाहेरचा पत्रा यांना जोडणारा छोटा पूल ठेवणे. त्याची रुंदी निदान पत्र्याच्या जाडीइतकी हवी, नाहीतर कापताना उष्णतेने तो वाकतो किंवा तुटतो. हा पूल कारखान्यात ऐनवेळी कुणीतरी टाकला तर अक्षर विद्रूप होते. तोच डिझायनरने पहिल्यापासून विचारात घेतला, तर अक्षरातली ती फटच तुमच्या लोगोची खूण होऊ शकते. सगळीकडे, छापील कागदावरसुद्धा, ती फट ठेवा. असा आकार कुणी सहज उचलू शकत नाही, कारण त्याच्यामागे कारण असते.

पैठणीच्या काठावरची नक्षी पाहिली तर हेच दिसते. तिथला वळणदार आकार जवळून पाहिल्यास पायऱ्यापायऱ्यांनी बनलेला असतो, कारण तो आडव्या-उभ्या धाग्यांतून विणला जातो. मर्यादा साधनाची असते आणि तीच त्या कापडाची ओळख ठरते. मात्र एवढ्यावरून कुणी तुम्हाला लोगोत पैठणीचा मोर, अजिंठ्याचे कमळ किंवा बीबी का मकबऱ्याचा घुमट घालायला सांगितले, तर ऐकू नका. आपल्या भागाचा अभिमान यंत्र नीट चालण्यातून आणि ते इथल्या काळ्या मातीसाठी बनवले आहे यातून दिसू द्या. घुमट घातला की लोक तुम्हाला पर्यटन संस्था समजतील.

भरतकामाबद्दल एवढेच लक्षात ठेवा की सुमारे पाच मिलिमीटरपेक्षा कमी उंचीची अक्षरे दोऱ्यात बुजतात, आणि देवनागरीत वरची मात्रा व खालचा उकार आधी बुजतात. म्हणून नावाशिवाय नुसते चिन्ह स्वतंत्रपणे वापरता येईल, अशी सोय असू द्या. संकेतस्थळाच्या टॅबवरची खूण तर १६ बाय १६ पिक्सेलची असते. तिथे दोन-तीन जाड आकारांपलीकडे काही दिसत नाही.

रोबोटच्या बाबतीत आणखी तीन गोष्टी पाहाव्या लागतात, आणि साध्या दुकानाचा लोगो करणाऱ्या डिझायनरला त्या बहुधा माहीत नसतात. पहिली गोष्ट सुरक्षेच्या खुणांची आहे. यंत्रावरचे आपत्कालीन थांबवण्याचे बटण लाल आणि त्यामागची जागा पिवळी असावी, हे आयएसओ १३८५० या मानकात सांगितले आहे. सुरक्षेच्या चिन्हांमध्ये पिवळा त्रिकोण इशाऱ्यासाठी, लाल वर्तुळ व तिरकी रेघ मनाईसाठी, निळे वर्तुळ बंधनकारक सूचनेसाठी आणि हिरवा रंग सुरक्षित स्थितीसाठी वापरतात. तुमच्या यंत्राला फिरती पाती आहेत. त्या यंत्रावर लाल गोल किंवा पिवळ्या त्रिकोणाचा लोगो असला, तर घाबरलेल्या माणसाचा हात ऐनवेळी लोगोवर पडू शकतो, किंवा रोज पिवळा त्रिकोण पाहून खरा इशाराही त्याच्या नजरेआड होऊ शकतो. हा धोका केवळ रंगसंगतीसाठी पत्करू नये.

दुसरी गोष्ट दिशेची आहे. यंत्र पुढे कोणत्या बाजूला चालणार, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळणे फार महत्त्वाचे आहे. लोगोत बाण, पान किंवा पुढे झुकलेला आकार असेल आणि तोच स्टिकर दोन्ही बाजूंना लावला, तर एका बाजूने यंत्र पुढे जाताना दिसेल आणि दुसऱ्या बाजूने मागे. तेव्हा एकतर दोन्हीकडून सारखा दिसणारा आकार घ्या, किंवा उलट बाजूसाठी चिन्हाची आरशातली आवृत्ती पहिल्यापासूनच मंजूर करून ठेवा. अक्षरे मात्र कधीही उलटी करायची नाहीत.

तिसरी गोष्ट सेन्सरची. यंत्रावर लिडार, म्हणजे लेझर किरणांनी अंतर मोजणारा सेन्सर, असेल तर चमकणाऱ्या रिफ्लेक्टिव्ह रेडियमचा लोगो त्याच्या नजरेच्या टप्प्यात लावू नका. अशी पट्टी किरण फार तीव्रतेने परत पाठवते. गोदामांतल्या काही स्वयंचलित गाड्या अशाच पट्ट्यांचा मार्ग ओळखण्याच्या खुणा म्हणून उपयोग करतात. उद्या एकाच शेतात तुमची दोन यंत्रे चालली, तर एकाचा लोगो दुसऱ्याला खूण वाटायला नको. स्टिकरसाठी बिनचमकीचे, म्हणजे मॅट, व्हिनाइल घ्या. वळणदार पत्र्यावर कास्ट प्रकारचे व्हिनाइल घ्या, कारण साधे कॅलेंडर्ड व्हिनाइल उन्हात आकसून कडेने सुटते. आणि लोगो यंत्राच्या वरच्या भागात लावा. खरिपात पाऊस होऊन गेला की चाकांनी उडवलेला चिखल खालच्या निम्म्या पत्र्यावर थापला जातो आणि तिथला लोगो झाकून जातो.

रंगाचा निर्णय संगणकावर घेऊ नका. पत्र्यावर रंगाची भुकटी भाजून बसवणाऱ्या पावडर कोटिंगवाल्याकडे जा आणि त्याच्याकडचे रॅलचे, म्हणजे रंगांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीचे, शेडकार्ड मागा. त्याला रॅलचा क्रमांक समजतो, तुमच्या पडद्यावरचा निळा समजत नाही. आधी छपाईचा रंग ठरवून मग त्याच्या जवळचा रॅल शोधत बसलात, तर पत्रा, टी-शर्ट आणि माहितीपत्रक यांवर तीन वेगळे रंग येतात. आधी रॅल ठरवा आणि छपाई त्याच्याशी जुळवा. भडक नारिंगी आणि हिरवा चार शाईंच्या छपाईत मळकट येतात, हेही तिथेच ध्यानात घ्या.

कोणता रंग घ्यावा, याबद्दल माझे मत असे आहे. शेतकरी यंत्र रंगावरून ओळखतो, आणि त्याच्या मनात बरेच रंग आधीच वाटले गेले आहेत: हिरवा आणि पिवळा म्हटले की जॉन डिअर, लाल म्हटले की महिंद्रा, नारिंगी म्हटले की कुबोटा. कारखान्यातल्या रोबोटमध्येही फानुक पिवळ्यासाठी आणि कूका नारिंगीसाठी ओळखली जाते. शेती म्हणून हिरवा रंग घेण्याचा मोह तुम्हाला होईल, पण सोयाबीनच्या पिकात हिरवे यंत्र दिसेनासे होते. माणसांच्या सुरक्षेसाठीही ते बरे नाही आणि छायाचित्रासाठीही नाही. काळ्या मातीवर काळे-करडे यंत्रही हरवते. मी तुमच्या जागी असतो तर यंत्राचे अंग फिकट राखाडी ठेवले असते. रॅल ७०३५ हा विजेच्या पॅनलसाठी वापरला जाणारा रंग या भागातल्या कुठल्याही कोटिंगवाल्याकडे असतोच, आणि मे-जूनच्या उन्हात फिकट पत्रा गडद पत्र्यापेक्षा कमी तापतो. आत बॅटरी असल्यामुळे हा मुद्दा दिसण्याइतकाच महत्त्वाचा आहे. त्यावर एकाच गडद रंगाचा, मोरपंखीकडे झुकणाऱ्या निळ्याचा लोगो घ्या. रंगछटा एकातून दुसऱ्यात मिसळत जाणाऱ्या लोगोचा विचारही करू नका; त्या ना पत्र्यावर कापता येतात, ना दोऱ्यात भरता येतात.

लिपीच्या प्रश्नाकडे मी आत्ता येत असलो, तरी माझ्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, दोन्हींत हवे. जालन्याचा किंवा परभणीचा शेतकरी ते देवनागरीत वाचणार, आणि सुटे भाग पुरवणारा परगावचा व्यापारी रोमनमध्ये. पण इंग्रजी लोगो पूर्ण करून नंतर त्याच्याखाली संगणकातला मिळेल तो मराठी फाँट चिकटवायचा, ही आपल्याकडची पद्धत मला मनापासून खटकते. त्यात मराठी नाव पाहुण्यासारखे दिसते. दोन्ही लिप्या एकाच वेळी, एकाच जाडीच्या रेघेत रेखाटायला सांगा. देवनागरीला वर मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे उभी जागा जास्त लागते. म्हणून दोन्ही नावांची एकूण उंची सारखी केली की मराठी अक्षरे बारीक दिसतात. शिरोरेषेपासून पायापर्यंतची उंची रोमनच्या मोठ्या अक्षरांच्या थोडीशीच खाली ठेवून डोळ्यांनी जुळवावे लागते. मोजपट्टी इथे पुरत नाही.

आधुनिक दिसावे म्हणून शिरोरेषा काढून टाकण्याची टूम सध्या आहे. यंत्रावरच्या नावात ती नको. 'ध' आणि 'घ', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक बराचसा शिरोरेषेच्या तुटण्यावर अवलंबून असतो; ती काढली की लांबून वाचणारा अडखळतो. उलट शिरोरेषेचा उपयोग करून घ्या. २०१० साली स्वीकारलेल्या रुपयाच्या चिन्हात डी. उदय कुमार यांनी देवनागरी 'र' आणि रोमन 'आर' एकत्र आणताना वरच्या आडव्या रेघेला आकाराचा कणाच बनवले, आणि आज ते चिन्ह किराण्याच्या दुकानातल्या खडूच्या पाटीवरही हाताने काढता येते. तुमचे यंत्र पिकाच्या सरळ ओळींमधून चालते. शिरोरेषा आणि पिकाची ओळ यांचा मेळ घालण्याची संधी तुमच्या डिझायनरपुढे आहे, असे मला वाटते. ती घ्यावी की नाही हे रेखाटने पाहिल्यावर ठरवा. विकत फाँट घेण्याइतके पैसे नसतील तर 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता किंवा बालू हे खुल्या परवान्याचे फाँट आधार म्हणून वापरता येतात, पण नावातली निदान दोन अक्षरे तरी हाताने नव्याने घडवून घ्या.

नोंदणीसाठी प्रात्यक्षिकाची वाट पाहू नका; अर्ज त्याच्या आधी जायला हवा. ही नोंदणी मालाच्या ठरावीक वर्गांनुसार होते: रोबोट आणि शेतीची यांत्रिक अवजारे वर्ग ७ मध्ये येतात, यंत्राबरोबर दिले जाणारे सॉफ्टवेअर आणि सेन्सर वर्ग ९ मध्ये. पैसे एकाच वर्गापुरते असतील तर ७ घ्या. मान्यताप्राप्त स्टार्टअप किंवा लघुउद्योग म्हणून ऑनलाइन अर्ज केल्यास शासकीय शुल्क प्रत्येक वर्गासाठी ४,५०० रुपये आहे, इतर कंपन्यांना ते ९,००० रुपये पडते. त्यासाठी उद्यम नोंदणी किंवा स्टार्टअपचे मान्यतापत्र हाताशी ठेवा. आधी नुसत्या नावाचा शब्दचिन्ह म्हणून अर्ज करा, कारण उद्या लोगो बदलला तरी नावाचे संरक्षण राहते. मग पैसे असतील तसा चिन्हाचा अर्ज करा आणि तो काळ्या-पांढऱ्यात द्या. रंगाची मर्यादा न घालता केलेली नोंदणी त्याच अधिनियमाच्या कलम १० नुसार सर्व रंगांसाठी मानली जाते. अर्जाआधी व्यापारचिन्हांच्या सरकारी संकेतस्थळावर वर्ग ७ आणि ९ मध्ये तुमच्या नावाच्या उच्चाराशी मिळतीजुळती नावे शोधा, फक्त तंतोतंत स्पेलिंग पाहून थांबू नका. अर्ज व्यापारचिन्हांच्या सरकारी नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यावर चार महिने कुणालाही विरोध नोंदवता येतो. नोंदणी झाली की ती दहा वर्षे चालते आणि पुढे नूतनीकरण करता येते. नोंदणी होईपर्यंत नावाशेजारी 'टीएम' लिहिता येते. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी झाल्याशिवाय लावणे हा गुन्हा आहे, आणि स्टिकर छापणारे तो हौसेने लावून देतात, तेव्हा प्रूफ तपासा.

लोगो कुणी मित्राने किंवा नातेवाइकाने फुकट करून दिला, तरी लेखी करार करा. स्वतंत्रपणे काम करणारा डिझायनर हाच त्या चित्राच्या स्वामित्वहक्काचा पहिला मालक असतो. तुम्ही पैसे दिले म्हणून हक्क आपोआप कंपनीकडे येत नाही. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नाही तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. म्हणून 'कायमस्वरूपी' आणि 'जगभर' हे दोन शब्द करारात असलेच पाहिजेत. गुंतवणूकदार आला की तो हा कागद मागतो.

डिझायनरला एक पान लिहून द्या: यंत्राची दोन छायाचित्रे, पत्र्याची जाडी, लोगोसाठी मोकळी असलेली जागा मिलिमीटरमध्ये, आणि वर लिहिलेल्या सर्व जागांची यादी. पहिल्या फेरीत त्याने फक्त काळ्या रंगात, कागदावर पेन्सिलीने काढलेली तीन-चार रेखाटने दाखवावीत. वीस पर्याय मागू नका. मग निवड आवडीनिवडीवर येते आणि तिघा भागीदारांत मतभेद होतात. त्यांतली दोन निवडा, वाळूजमधल्या एखाद्या जॉबवर्कवाल्याकडून टाकाऊ पत्र्याच्या तुकड्यावर प्रत्यक्ष कापून घ्या, त्यांवर ओली माती फासा, शेताच्या बांधावर ठेवा आणि दुसऱ्या बांधावरून पाहा. रेखाटने कधीही न पाहिलेल्या एखाद्या शेतकऱ्याला नाव वाचायला सांगा. त्याला न अडखळता वाचता आले ते पुढे न्या.

शेवटी फाइली ताब्यात घेताना पुढे येणारा त्रास आजच टाळा. आपल्याकडे छापखाने आणि रेडियमवाले अजूनही कोरलच्या सीडीआर फाइलवर काम करतात, म्हणून अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकारांत, बदललेली ओपन सीडीआर फाइल घ्या. सोबत लेझरसाठी डीएक्सएफ, संकेतस्थळासाठी एसव्हीजी आणि छपाईसाठी पीडीएफ घ्या. डीएक्सएफ फाइलमध्ये एकावर एक आलेल्या दुहेरी रेघा नसल्याची खात्री जॉबवर्कवाल्याकडून करून घ्या, नाहीतर मशीन तीच रेघ दोनदा कापते आणि पूल जळतात. काळी, पांढरी आणि रंगीत अशी तिन्ही रूपे, उलट बाजूचे चिन्ह आणि रॅलचा क्रमांक हे सारे एका फोल्डरमध्ये ठेवून तिघांपैकी एकालाच त्याची जबाबदारी द्या, म्हणजे स्टिकरवाल्याला व्हॉट्सॲपवरून घेतलेला पुसट फोटो पाठवण्याची वेळ येणार नाही.